ओल्या भिंतींचा इतिहास

मुंबईविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. बेटे कशी जोडली, गिरण्या कशा उभ्या राहिल्या, संप कसे झाले आणि कसे मोडले, हे सारे वाचायला मिळते. परंतु या शहरातील माणसे ज्या भिंतींना पाठ टेकून बसली, त्या भिंतींविषयी फारसे कोणी लिहिलेले नाही. इतिहासकाराला भिंत दिसते ती किल्ल्याची. बिऱ्हाडातली भिंत त्याच्या नजरेत भरत नाही, आणि ती ओली, पोपडे धरलेली, बुरशीने काळवंडलेली असली तर मुळीच नाही. मी शाळामास्तर आहे. फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. एका कादंबरीत चाळ घालायची होती म्हणून घरभाड्याचे जुने कायदे वाचायला घेतले. कादंबरी मागे पडली आणि कायदेच वाचत बसलो.

या कथेचा आरंभ प्लेगपासून करावा लागतो. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. पुढे जे घडले ते आपण आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेले असते: पळापळ, तपासण्या, सक्तीची इस्पितळे. १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला आणि मुंबईत जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमली गेली. त्या काळच्या अधिकाऱ्यांची अशी पक्की समजूत होती की रोगाचे मूळ घरातच आहे. ओल, अंधार आणि कोंडलेली हवा यांतून तो निपजतो. म्हणून छपरांवरची कौले काढून खोल्यांत ऊन पाडण्यात आले, भिंती धुऊन चुना फासण्यात आला, आणि जी घरे फारच वाईट दिसली त्यांच्यावर ‘यू. एच. एच.’ अशी तीन इंग्रजी अक्षरे रंगवण्यात आली. अर्थ असा की, माणसांच्या वस्तीस नालायक.

गंमत पाहा. प्लेग ओलीतून होत नव्हता. तो उंदरांवरच्या पिसवांतून माणसाला होतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवले, आणि ते पटायलाही पुढे काही वर्षे गेली. म्हणजे सरकारचे निदान चुकले होते. तरीही त्या चुकीच्या निदानापोटी एक खरी गोष्ट पहिल्यांदा सरकारी कागदावर चढली: भाड्याची खोली ओली व अंधारी असेल तर तो केवळ राहणाऱ्याच्या नशिबाचा भाग नव्हे. प्लेगशी त्या ओलीचा संबंध नव्हता. पण क्षय आणि दमा या दोन दुखण्यांशी अंधाऱ्या, कोंदट, कुबट खोलीचे नाते फार जवळचे आहे. घरातील ओल व बुरशी यांचा दम्याशी आणि श्वासाच्या विकारांशी संबंध आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली सविस्तर लिहिले. चाळीतल्या म्हाताऱ्या बायका ते केव्हापासून सांगत होत्या.

मग १८९८ च्या कायद्याने मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. नागपाड्यापासून त्याने हात घातला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते त्याने काढले, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या. समुद्रावरचा वारा शहरात शिरावा म्हणून रस्ते, ही कल्पना. वारा शिरलाही असेल. परंतु पहिल्या वीस वर्षांत ट्रस्टने जेवढ्या खोल्या पाडल्या तेवढ्या बांधल्या नाहीत. मालकाला नुकसानभरपाई मिळे, तीही बहुधा भाड्याच्या उत्पन्नाच्या हिशेबाने. म्हणजे ज्याने एका खोलीत अधिक माणसे कोंबली त्याला अधिक रक्कम. भाडेकरूला काय मिळे? आपले गाठोडे उचलण्याची मोकळीक. तो शेजारच्या चाळीत जाई आणि ती चाळ आणखी दाटे.

या ट्रस्टचा एक अध्यक्ष मात्र मला माणूस म्हणून आवडतो. जे. पी. ऑर त्याचे नाव. सनदी अधिकारी, आणि उजेडाच्या पाठीस लागलेला. खिडकीसमोर किती मोकळी जागा असावी याचा त्याने कोन बसवला होता, साडेत्रेसष्ट अंशांचा. गणिताच्या तासाला मुलांना मी तो फळ्यावर काढून दाखवतो: समोरची इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये हवी, की तळमजल्याच्या खिडकीला आभाळाचा तुकडा दिसतो. मुले लगेच विचारतात, “सर, आमच्या खिडकीला किती?” त्यांच्या खिडकीसमोर घरगल्ली असते. दोन इमारतींच्या पाठी जिथे जवळजवळ चिकटतात, मोऱ्यांचे नळ जिथे उतरतात आणि ऊन जिथे कधी पोचत नाही, ती फट. ऑरसाहेबाने १९१२ मध्ये घरांतील उजेड-वारा या विषयावर व्याख्यान दिले त्याला आता शंभराहून अधिक वर्षे झाली. घरगल्ली अद्याप आहे.

ओल येते कशी, हे थोडे सांगितले पाहिजे; कारण पुढचे सारे वाद त्यावरच आहेत. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो पश्चिमेच्या भिंतीवर झोडपतो आणि पन्हळ फुटली असली की एकाच जागी धो धो ओततो. जोते बुटके असेल तर जमिनीतले पाणी भिंतीतून वर चढते. वरच्या मजल्यावरची मोरी पाझरते. आणि एवढे करून उरते ते आपण स्वतः घालतो: एका खोलीत सात-आठ माणसांचा श्वास, भाताची वाफ, दंडीवरचे ओले कपडे. जुन्या भिंती चुन्याच्या होत्या. चुना पाणी पितो तसे उन्हाळ्यात ते सोडूनही देतो. पुढे डागडुजीच्या नावाखाली त्यांच्यावर सिमेंटचा गिलावा थापण्यात आला. त्याने वरून भिंत गुळगुळीत दिसते, पण आतले पाणी आतच कोंडते आणि गिलावा पोपड्यांनी सुटतो. काँक्रीटच्या इमारतीत आतल्या लोखंडी सळ्या गंजतात, गंजून फुगतात, आणि फुगल्या की काँक्रीट फोडतात. १९२० नंतर डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे बांधलेल्या २०७ चाळी अशाच काँक्रीटच्या. एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची.

आता हक्काचे पाहू. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली, तेव्हा १९१८ साली मुंबईत भाडेनियंत्रण आले. त्यात भाडे आणि घराबाहेर काढणे यांवर निर्बंध होते. पण भिंतीचे काय? त्यासाठी १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदाच होता. तो म्हणतो की मालकाने जी दुरुस्ती करणे बंधनकारक आहे ती त्याने केली नाही, तर भाडेकरूने ती करावी आणि खर्च भाड्यातून कापावा. वाक्य मोठे उदार वाटते. परंतु कोणती दुरुस्ती बंधनकारक, हे तो सांगत नाही! करारात नसेल तर काहीच नाही. आणि खोली मिळण्याची मारामार असताना करारात दुरुस्तीचे कलम घालून घेणारा भाडेकरू मला तरी कुठे भेटलेला नाही.

ही उणीव १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भरून काढली. त्याच्या तेविसाव्या कलमाने मालकावर स्पष्ट बंधन घातले की जागा राहण्याजोगी, सुस्थितीत ठेवलीच पाहिजे. पंधरा दिवसांची नोटीस द्यावी. मालक हलला नाही तर भाडेकरूंनी एकेकट्याने वा मिळून दुरुस्ती करावी आणि पैसे भाड्यातून वळते करून घ्यावेत. स्वातंत्र्याच्या वर्षीचा हा कायदा. त्याचा मला अभिमान वाटतो, तो त्याच्या भाषेसाठी. मात्र त्याच भाषेत दोन फटी होत्या. एक अशी की, भाडेकरूने याविरुद्ध करार केलेला नसेल तरच हे बंधन. दुसरी अशी की, एका वर्षात भाड्याच्या ठराविक हिश्शाहून अधिक कापता येणार नाही. १९९९ चा महाराष्ट्राचा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून आला. त्याच्या चौदाव्या कलमात हा हिस्सा वर्षाच्या भाड्याचा एक चतुर्थांश आहे.

या चतुर्थांशाचा हिशेब आम्ही करून पाहिला आहे. त्या सुमारास आमच्या खोलीचे भाडे महिना ३२ रुपये होते. मोरीमागची भिंत इतकी भिजे की पावसाळ्यात कपाटातील पुस्तकांना बुरा येई आणि धाकट्या बहिणीचा खोकला दिवाळीपर्यंत हटत नसे. वडिलांनी रीतसर नोटीस दिली. मालकाकडून उत्तर आले नाही. गवंड्याने मोरी उकरणे, नळ बदलणे आणि गिलावा, सगळे मिळून १८,००० रुपये सांगितले. वर्षाचे भाडे ३८४. त्याचा चौथा हिस्सा ९६. कायद्याने आमचे पैसे वसूल व्हायला एकशे सत्त्याऐंशी वर्षे सहा महिने लागले असते. वडील हिशेब मांडून हसले आणि पतपेढीचे कर्ज काढून मोरी करून घेतली.

पण मालकाची बाजूही मांडली पाहिजे. तो या कथेतला राक्षस आहे असे मी मानत नाही. १९४७ च्या कायद्याने बहुतेक भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धकाळात ते योग्यच होते. त्यानंतर विटा, चुना, लाकूड, मजुरी सारे कितीतरी पटींनी वाढले आणि भाडे तिथेच. चाळीस खोल्यांचे महिन्याचे उत्पन्न तेराशे रुपयांच्या आत असेल तर त्यात छप्पर कसे शाकारणार? मालक पागडीवर जगू लागला आणि चाळ पडण्याची वाट पाहू लागला. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात असे गोठवलेले भाडे आता न्याय्य राहिले नाही असे म्हटले, त्यानंतरच नवा कायदा हलला. त्यात मालकाला दरसाल ४ टक्के वाढ मिळाली. बत्तीस रुपयांवर ४ टक्के म्हणजे सव्वा रुपया.

मधल्या काळात चाळी पडत होत्या. म्हणून १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ निघाले, पुढे ते म्हाडात विलीन झाले. शहर भागातल्या १९,६४२ जुन्या इमारतींवर उपकर बसला. त्यातून मंडळाने दुरुस्ती करायची. येथे एक मोठी गोष्ट घडली, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. दुरुस्ती हे मालकाचे कर्तव्य होते ते सरकारच्या गळ्यात आले, आणि उपकराचा मोठा भार भाडेकरूने उचलला. शिवाय मंडळाला काळजी इमारतीच्या सांगाड्याची. तुळई मोडली तर टेकू येतो. बुरशी आली तर कोणी येत नाही. पण ओलच तर तुळई कुजवते! महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातील ३५४ व्या कलमाची नोटीस दारावर लागते तेव्हा इमारत धोकादायक ठरलेली असते, आणि भाडेकरूपुढे प्रश्न असतो तो भिंतीचा नव्हे, संक्रमण शिबिराचा. तिथे गेलेली माणसे किती वर्षे तिथेच राहिली हे मुंबईकराला सांगायला नको. म्हणून तो हलत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडीबाजारातील हुसैनी इमारत भरल्या बिऱ्हाडांसह कोसळली.

ज्या इंग्रजांकडून आपण या कायद्याची भाषा घेतली त्यांच्या घरी तरी काय होते? १८८५ मध्येच त्यांनी गरिबांच्या घरांसाठी नियम केला की भाड्याने दिलेले घर वस्तीस लायक हवे. पण तो ठराविक भाड्याखालील घरांनाच लागू. ती मर्यादा १९५७ नंतर वाढवलीच नाही, लंडनमध्ये वर्षाला ८० पौंड. एवढ्या भाड्यात पुढे तिथे गाडी ठेवायलाही जागा मिळेना, आणि नियम पुस्तकात राहिला. आपण भाडे गोठवले, त्यांनी मर्यादा गोठवली. दोन्हीकडे भिंत ओलीच. १९८५ साली वेल्समधील एका भाडेकरूचा खटला वरच्या न्यायालयात गेला. नगरपालिकेचे घर, लोखंडी चौकटीच्या खिडक्या, दव साचून बुरशी, कपडे आणि सामान कुजलेले. न्यायालयाने सांगितले की बुरशी आहे खरी, पण भिंत वा खिडकी मोडलेली नाही; जे मोडलेले नाही त्याची दुरुस्ती कसली? ही वाट १९१९ किंवा १९३० मध्ये नव्हे, २०१८ च्या कायद्याने बदलली. त्यानंतरही २०२० च्या डिसेंबरात रॉचडेल गावी दोन वर्षांचे एक मूल घरातील बुरशीमुळे दगावले. त्याच्या नावाने २०२३ मध्ये कायदा झाला: सामाजिक घरांच्या मालकाने ओलीची तक्रार ठराविक मुदतीत तपासलीच पाहिजे.

आपल्याकडे पागडीचा भाडेकरू आता कमी होत चालला आहे. माझ्या वर्गातली बरीच मुले अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’च्या घरात राहतात. त्यांचे आई-वडील कायद्याच्या भाषेत भाडेकरूच नव्हेत, परवानाधारक. चौदावे कलम बोलते भाडेकरूविषयी. १९७३ साली सरकारने त्या वेळच्या परवानाधारकांना एकदा भाडेकरू मानले होते, म्हणून पुढचे मालक अधिकच सावध झाले. केंद्राने २०२१ मध्ये राज्यांसाठी एक नमुना कायदा पुढे ठेवला आहे. त्याच्या परिशिष्टात भिंतींना रंगसफेदी करणे हे मालकाच्या कामांत लिहिले आहे. गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी आपला करार मला वाचायला आणून दिला. तो रीतसर नोंदवलेला होता. सोळाव्या कलमात लिहिले होते की घर सोडताना रंगाचा खर्च अनामत रकमेतून कापला जाईल. भिंतीवरचा काळा डाग ते राहायला येण्यापूर्वीचा होता, आणि त्यावर रंग देऊनच घर त्यांना दाखवण्यात आले होते.