मोहम्मद हिदायतुल्ला

(१७ डिसेंबर १९०५–१८ सप्टेंबर १९९२). भारताचे अकरावे सरन्यायाधीश व सहावे उपराष्ट्रपती. सरन्यायाधीश, हंगामी राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती या तिन्ही पदांवर काम केलेले ते एकमेव भारतीय. जन्म लखनौचा, पण जडणघडण नागपूरची. वडील हाफिज मोहम्मद विलायतुल्ला सरकारी अधिकारी व उर्दू कवी होते. रायपूरला शालेय शिक्षण, नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून १९२६ मध्ये पदवी, मग केंब्रिज आणि लिंकन्स इन. बॅरिस्टर होऊन १९३० मध्ये त्यांनी नागपुरात वकिली सुरू केली. पुढे तेथील विधी महाविद्यालयात ते शिकवतही होते. १९४३ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे महाधिवक्ता, १९४६ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि १९५४ मध्ये मुख्य न्यायमूर्ती झाले. राज्य पुनर्रचनेनंतर त्यांना जबलपूरला जावे लागले. १९५८ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात आले.

त्यांची न्यायबुद्धी सर्वांत स्पष्ट दिसते ती मिरजकर खटल्यात (१९६६). मुंबई उच्च न्यायालयाने ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाविरुद्धच्या दाव्यातील एका साक्षीदाराची जबानी छापण्यास तोंडी मनाई केली होती. त्याविरुद्ध पत्रकार सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांसह बहुमताने मनाई उचलून धरली. नऊ जणांच्या पीठात हिदायतुल्ला एकटे विरोधात उभे राहिले. न्यायालयाचा आदेशही मूलभूत हक्काचा भंग करू शकतो, ही त्यांची भूमिका आजही अभ्यासण्याजोगी आहे. याच न्यायाधीशांनी मुंबईचे पुस्तकविक्रेते रणजित उदेशी यांची अश्लील पुस्तक विकल्याबद्दलची शिक्षा मात्र कायम केली (१९६४), हेही नोंदवायला हवे.

मे १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले. अमेरिकेत अशा वेळी उपाध्यक्ष उरलेल्या मुदतीसाठी राष्ट्राध्यक्षच होतो. भारतात उपराष्ट्रपती केवळ निवडणुकीपर्यंत कारभार पाहतो. तो कारभार पाहणाऱ्या व्ही. व्ही. गिरींनी निवडणूक लढवण्यासाठी राजीनामा दिला, तेव्हा पुढे कोण, याची तजवीज मूळ राज्यघटनेत नव्हती. त्याच मे महिन्यात संसदेने केलेल्या कायद्यामुळे २० जुलै ते २४ ऑगस्ट १९६९ या काळात सरन्यायाधीश हिदायतुल्ला राष्ट्रपतिभवनात होते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन तेव्हा दिल्लीत आले आणि हिदायतुल्लांनी यजमानपद सांभाळले. बँक राष्ट्रीयीकरण विधेयकाला त्यांनीच मंजुरी दिली. त्या कायद्याला आव्हान देणारा कूपर खटला ऐकणाऱ्या अकरा जणांच्या पीठावर ते नव्हते.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी, १५ डिसेंबर १९७० रोजी, संस्थानिकांचे तनखे रद्द करणारा राष्ट्रपतींचा आदेश त्यांच्या पीठाने घटनाबाह्य ठरवला.

ऑगस्ट १९७९ मध्ये ते उपराष्ट्रपतिपदी बिनविरोध निवडून आले. कुठल्याच पक्षाचे नसल्यामुळे राज्यसभेच्या सभापतिपदाला हवी असलेली तटस्थता त्यांच्याकडे आधीपासून होती. राष्ट्रपती झैलसिंग उपचारांसाठी अमेरिकेस गेले असता ऑक्टोबर १९८२ मध्ये त्यांनी पुन्हा राष्ट्रपतिपदाची कामे पाहिली. ‘माय ओन बॉस्वेल’ हे त्यांचे आत्मचरित्र. ऑगस्ट १९८४ मध्ये ते पदमुक्त झाले. मुंबईत त्यांचे निधन झाले. रायपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाला त्यांचे नाव दिले आहे.