होयबा मॉक

येडशीत वाढलेल्याला रामलिंगच्या डोंगरातली छोटी गाडी ऐकून तरी माहीत असते. बार्शी लाइट रेल्वे, रूळ अडीच फुटी. तिचा इंजिनियर एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने इंजिन-डबे इकडे धाडण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे खास रूळ टाकून चालवून पाहिले. इंजिन खरं, बार्शी खोटी! युनिट टेस्टमध्ये आम्ही तेच करतो: आपला कोड खरा, तो जिला हाक मारतो ती मेथड खोटी.

‘मॉक ऑब्जेक्ट’ हे नाव मॅकिनन, फ्रीमन आणि क्रेग यांच्या 2000 सालच्या निबंधाने रुळवलं. पायथॉनसाठी मायकेल फूर्डने लिहिलेलं मॉक 2012मध्ये, 3.3 आवृत्तीत, भाषेसोबतच मिळू लागलं. त्याला उत्तर ठरवून द्या, ते तेच देतं. एरर फेकायला सांगा, फेकतं. पण स्वभाव होयबा. नसलेली मेथड मागितली तरी ‘आहे की’ म्हणून जागच्या जागी बनवतं. ‘असर्ट कॉल्ड वन्स’ ही मेथड आली 3.6मध्ये. त्याआधी ती आहे असं समजून लोक लिहायचे आणि टेस्ट कायम हिरवी.

पहिल्या नोकरीत आम्ही जुना प्रोजेक्ट नव्या पायथॉनवर नेला, तेव्हा वर्षानुवर्षं हिरव्या असलेल्या काही टेस्ट लाल झाल्या. त्यातली एक, ग्राहकाचे पैसे एकदाच कापले जातात ना, हे बघणारी होती.