सायकल शर्यतींतील आघाडी व पैज

रस्त्यावरील लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतीत मुख्य जथ्यातून फुटून पुढे निघालेल्या एका किंवा अनेक स्वारांच्या गटास आघाडीची तुकडी म्हणतात. ही तुकडी अंतिम रेषेपर्यंत टिकेल की जथा तिला वाटेत गाठील, हा या खेळातील सर्वांत जुना व सर्वांत रंजक प्रश्न होय. त्यावर पैज लावण्याची प्रथाही जवळजवळ तितकीच जुनी आहे. घोड्यांच्या शर्यतीवरील पैज मुख्यतः घोड्याच्या व स्वाराच्या सामर्थ्यावर लावलेली असते. आघाडीच्या सायकलस्वारावरील पैज मात्र त्याच्या सामर्थ्याइतकीच मागे राहिलेल्या शंभराहून अधिक प्रतिस्पर्ध्यांच्या इच्छेवर लावलेली असते. या पैजेचे आकर्षण आणि तिच्यातील धोका ही दोन्ही या एकाच वैशिष्ट्यातून उद्‌भवली आहेत.

वाऱ्याचा आडोसा : सपाट रस्त्यावर ताशी सु. ४० किमी. वेगाने जाणाऱ्या स्वाराची बहुतेक शक्ती हवेचा रोध तोडण्यात खर्च होते. पुढील स्वाराच्या चाकामागे राहणाऱ्यास आडोसा मिळून त्याची सर्वसाधारणपणे एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश शक्ती वाचते. जथ्याच्या गर्भात तर हा लाभ याहून पुष्कळ मोठा असतो. बर्ट ब्लोकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १२१ स्वारांच्या जथ्यावर केलेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले, की जथ्यात आत खोलवर असलेल्या स्वारास एकट्या स्वाराच्या तुलनेने केवळ ५ ते १० टक्के रोध सहन करावा लागतो. म्हणून सपाटीवर एकटा स्वार कितीही बलवान असला, तरी आळीपाळीने पुढे येणारा जथा मनात आणल्यास त्यास गाठू शकतो. फ्रेंच सायकलपटू व समालोचक रॉबेर शापात यांच्या नावाने ओळखला जाणारा एक स्थूल नियम असा, की पाठलाग करणारा जथा दर १० किमी.मागे सु. १ मिनिटाचे अंतर भरून काढतो.

चढावर हे गणित पालटते. वेग मंदावल्यामुळे हवेचा रोध गौण ठरतो व गुरुत्वाकर्षणाविरुद्ध स्वतःचे वजन वर नेण्याचे काम प्रमुख होते. या कामात दुसऱ्याच्या आडोशाचा फारसा उपयोग नसतो. अतिशय उंच पर्वतांच्या टप्प्यात एकूण विजेतेपदाचे दावेदार स्वतःच झुंजतात, तर सपाट टप्प्यात अखेरच्या झेपेत तरबेज असलेल्या स्वारांचे संघ आघाडीस गाठून देतात. या दोहोंमधील डोंगराळ टप्पा झेपबहाद्दरांस अवघड आणि दावेदारांस निर्णायक न वाटणारा असतो. पाठलागाचा भार उचलण्यास कोणताच संघ उत्सुक नसल्यामुळे अशा टप्प्यात आघाडी टिकण्याचा संभव सर्वाधिक असतो व पैजकारांचे लक्षही तेथेच केंद्रित होते.

इतिहास : एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणारी पहिली मोठी शर्यत ७ नोव्हेंबर १८६९ रोजी पॅरिस ते रूआन अशी झाली. सु. १२३ किमी.ची ही शर्यत जेम्स मूर याने जिंकली. याच सुमारास पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर याने सामायिक पैजेची पद्धत रूढ केली. तीत सर्व पैजांचा पैसा एकत्र करून, व्यवस्थापकाचा वाटा वजा जाता, उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. पुढे टोटॅलिझेटर यंत्राच्या द्वारे हीच पद्धत मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवर आली. फ्रान्समध्ये २ जून १८९१ च्या कायद्याने या पद्धतीस घोड्यांच्या शर्यतींपुरती मान्यता मिळाली. फ्लँडर्समधील गावजत्रांच्या सायकल शर्यतींत मात्र बुकी भावाची पाटी लावून उभे राहत.

तूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ मध्ये सुरू झाली. दुसऱ्याच वर्षी गैरप्रकारांमुळे पहिले चारही क्रमांक रद्द करावे लागले. १९०५ मध्ये बालाँ दाल्झास हा चढ व १९१० मध्ये पिरेनीज पर्वतातील तूरमाले खिंड मार्गात आली. सर्वोत्तम चढाईकारासाठी १९३३ मध्ये ठेवलेले स्वतंत्र पारितोषिक स्पेनच्या व्हिसेंते त्रुएबा याने मिळविले. १९४७ मध्ये अल्बेर बुर्लाँ याने कार्कासॉन ते ल्युशाँ या टप्प्यात २५३ किमी. एकट्याने आघाडी राखली. १९५६ मध्ये एका मोठ्या तुकडीस जथ्याने अठरा मिनिटांहून अधिक अंतर घेऊ दिले. तिच्यातील फारसा परिचित नसलेला रॉजे व्हाल्कोव्याक अखेर संपूर्ण शर्यतीचा विजेता ठरला. २००६ मध्ये ऑस्कर पेरेइरो यास एका टप्प्यात सु. ३० मिनिटे बहाल करण्यात आली. प्रथम क्रमांकाचा स्वार उत्तेजक द्रव्याच्या कारणाने बाद झाल्यावर विजेतेपद पेरेइरोकडेच गेले. या दोन्ही प्रसंगी जथ्याने दुर्लक्ष केलेला स्वारच भारी पडला.

टोकिओ ऑलिंपिकमधील महिलांची शर्यत (२५ जुलै २०२१) हे याचे आणखी बोलके उदाहरण होय. ऑस्ट्रियाच्या आना कीझनहोफर या गणितज्ञ महिलेने आरंभीच आघाडी घेतली व ती अखेरपर्यंत राखली. स्वारांजवळ बिनतारी संदेशाची सोय नव्हती. दुसऱ्या आलेल्या आनेमीक फान फ्लूटेन यांस आपणच जिंकलो असे वाटून त्यांनी अंतिम रेषेवर हात उंचावले. पुढे कोण आहे, हेच पाठलाग करणाऱ्यांस ठाऊक नव्हते. शर्यतीतील अंतरे पाटीवर लिहून स्वारांस दाखविणारा मोटारसायकलवरील माणूस या खेळात का महत्त्वाचा असतो, हे यावरून ध्यानात येते. धावत्या शर्यतीवर पैज घेणाऱ्यासही हीच माहिती मोलाची असते. घाटात उभ्या असलेल्या माणसास ती काही क्षण आधी कळली, तर पैज समपातळीवर राहत नाही.

बोरघाट व पुणे : महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तम उदाहरण मुंबई–पुणे सायकल शर्यतीत सापडते. १९४० नंतरच्या दशकात सुरू झालेली ही शर्यत देशातील जुन्या व मानाच्या शर्यतींपैकी एक होय. तिचा मार्ग पनवेल, खोपोलीवरून बोरघाटात शिरतो. गाडीरस्ता म्हणून हा घाट मुंबईचे गव्हर्नर सर जॉन मॅल्कम यांच्या कारकीर्दीत १८३० मध्ये खुला झाला. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत सु. ५५० मी. उंची चढावी लागते. घाटमाथ्यावर प्रथम पोहोचणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. सह्याद्रीच्या परिसरातील प्रेक्षकांच्या मनात या किताबाचे स्थान पुण्यातील विजयाहून फारसे खालचे नाही.

तथापि घाटाचा राजा व शर्यतीचा विजेता हे नेहमी एकच नसतात. घाट संपल्यावर लोणावळ्यापासून पुण्यापर्यंत सु. ६४ किमी.चा बहुतांशी उघडा, पठारी रस्ता उरतो. तेथे वाऱ्याच्या आडोशाचा नियम पुन्हा लागू होतो. शापात यांचा स्थूल नियम लावल्यास ६४ किमी.मध्ये जथा सहा मिनिटांहून थोडे अधिक अंतर भरून काढू शकेल. म्हणजे माथ्यावर चार-पाच मिनिटांची आघाडी असणारा स्वारही, जथा एकदिलाने मागे लागल्यास, पिंपरी–चिंचवडच्या आसपास गाठला जाण्याचा संभव असतो. घाटावरील यशाचा अंदाज पायांतील बळावरून करता येतो. पुण्यातील यशाचा अंदाज करावयाचा, तर मागील स्वारांत एकी होईल की नाही, हे ओळखावे लागते.

हेच गणित विदर्भातील भूरूपासही लागू पडते. मलकापूरच्या सखल प्रदेशातून राजूर घाट चढून बुलढाण्यास यावे व तेथून चिखलीमार्गे साखरखेर्ड्याकडे (१७२४ च्या निजाम–मुबारिझखान लढाईचे स्थळ) जावे, अशा कल्पित शर्यतीत घाटाचा बहाद्दर आणि साखरखेर्ड्याचा विजेता वेगवेगळे निघण्याची शक्यता बरीच राहील. विदर्भात प्रिय असलेल्या शंकरपटाशी येथे तुलना उद्‌बोधक ठरते. पटावर बैलजोडी थोड्या सरळ अंतरात आपला संपूर्ण वेग प्रकट करते. एका जोडीने दुसरीच्या आडोशाने धावून बळ राखून ठेवण्याचा प्रश्न तेथे येत नाही. पटाचा जाणकार बैल पाहून अंदाज बांधतो. सायकल शर्यतीच्या जाणकारास मात्र स्वारांचे परस्परसंबंधही पाहावे लागतात.

भावाचे गणित : आघाडीच्या स्वारावरील पैजेस भाव मोठा मिळतो. त्याचे कारण एका पुढे एक येणाऱ्या तीन अनिश्चितता होत. उदा., डोंगराळ टप्प्यात आघाडी टिकण्याची शक्यता निम्मी, विशिष्ट स्वार त्या आघाडीत असण्याची एक-चतुर्थांश व आठजणांच्या तुकडीतून त्यानेच जिंकण्याची एक-अष्टमांश मानली, तर एकूण शक्यता चौसष्टांत एक इतकी होते. न्याय्य भाव त्रेसष्टास एक असावयास हवा. बुकीने चाळीसास एक दिल्यास ग्राहकास तो आकर्षक वाटतो. परंतु दीर्घकाळात त्यास रुपयामागे सु. ६४ पैसेच परत मिळतील. शंभरापैकी एखाद्या टप्प्यातील नेत्रदीपक विजय स्मरणात राहतो व गाठल्या गेलेल्या असंख्य तुकड्या विस्मरणात जातात. बुकीचा नफा बव्हंशी या मानवी स्वभावावर उभा असतो.

धोका व नियंत्रण : आघाडीतील स्वारांत वाटेवर तात्पुरते करार होतात. घाट तू घे, टप्पा मी घेतो, अशी देवाणघेवाण खेळाच्या डावपेचांचाच भाग मानली जाते. परंतु तिच्यात पैसा शिरला, की डावपेच व फसवणूक यांतील सीमारेषा पुसट होते. २०१० च्या लीएज–बास्तोन–लीएज शर्यतीत एकत्र पुढे निघालेल्या दोन स्वारांमध्ये विजयाचा पैशाने व्यवहार झाल्याचा आरोप करण्यात आला. २०१९ मध्ये बेल्जियममधील न्यायालयाने दोघांनाही निर्दोष ठरविले. डावपेच म्हणून सोडून दिलेली व पैशासाठी सोडून दिलेली शर्यत बाहेरून एकसारखीच दिसते. म्हणूनच असे आरोप सिद्ध करणेही अवघड असते आणि खोडून काढणेही. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या (स्थापना १९००) नियमांनी परवानाधारकांस सायकल शर्यतींवर पैज लावण्यास मनाई केली आहे.

जपानने वेगळा मार्ग स्वीकारला. १९४८ च्या कायद्यानुसार तेथे केरिन ही बंदिस्त धावपट्टीवरील सायकल शर्यत पैजेसाठीच सुरू झाली. युद्धोत्तर पुनर्रचनेच्या काळात स्थानिक शासनांस उत्पन्न मिळवून देणे हा तिचा हेतू होता. शर्यतीच्या काळात स्वारांस वसतिगृहात ठेवून बाहेरच्या जगाशी त्यांचा संपर्क तोडला जातो. दीडशे किमी.च्या उघड्या रस्त्यावर एवढा बंदोबस्त अशक्य होय.

भारतातील कायदा : भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार शून्य असतो. घोड्यांच्या शर्यतीतील ५०० रुपये वा अधिक रकमेच्या बक्षिसासाठी दिलेली वर्गणी हा त्यास अपवाद होय. मुंबई इलाख्यात त्याआधीच, १८६५ च्या तिसऱ्या कायद्याने, पैजेस साहाय्यभूत करारही शून्य ठरविले होते. मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम, १८८७ अन्वये पैज लावणे जुगारात मोडते. अपवाद मुख्यतः परवानाप्राप्त जागी, विहित रीतीने घोड्यांच्या शर्यतीवर लावलेल्या पैजेचा आहे. पावसावरील पैजा मुंबईत इतक्या बोकाळल्या होत्या, की कायद्यास पावसाचीही दखल घ्यावी लागली. सायकल शर्यतीस अशी सवलत मिळाली नाही. त्यामुळे बोरघाटातील आघाडीवर लावलेली पैज वसूलही होऊ शकत नाही आणि ती निर्दोषही नसते.

सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यांत कौशल्यप्रधान स्पर्धा व जुगार यांत भेद केला. १९९६ मध्ये लक्ष्मणन खटल्यात घोड्यांची शर्यत कौशल्याचा खेळ असल्याचे मान्य झाले. आघाडीच्या पैजेस हा भेद लावणे कठीण आहे, कारण स्वाराचे कौशल्य निर्विवाद असले, तरी निकाल परक्याच्या निर्णयावरही अवलंबून असतो. परदेशी संकेतस्थळांमुळे हा प्रश्न पुन्हा पुढे आला. २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन खेळांविषयीच्या कायद्याने पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ, ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, निषिद्ध ठरविले.

मूल्यमापन : जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय शर्यत झाली व सह्याद्रीतील रस्ते जागतिक व्यावसायिक सायकलपटूंच्या परिचयाचे झाले. अशा शर्यतींबरोबर त्यांवरील पैजेचे जाळेही येऊ शकते. मोठ्या संघांतील स्वारांस पगार, करार व देखरेख यांचे संरक्षण असते. स्थानिक शर्यतीतील स्वार बहुधा स्वखर्चाने सायकल घेऊन आलेला, सामान्य परिस्थितीतील तरुण असतो. त्यास मिळणाऱ्या बक्षिसाहून त्याच्या पराभवावर लागलेली रक्कम मोठी झाली, की घाटात पाय सैल सोडण्याचा मोह त्याच्यापुढे उभा राहतो. पायाचे हे सैल होणे थकव्यामुळे की पैशामुळे, हे पंचास ओळखता येत नाही. शर्यतीचे बक्षीस पुरेसे असणे, मधल्या टप्प्यांच्या पारितोषिकांचा हिशेब उघड ठेवणे व स्वारांस नियमांची माहिती त्यांच्या भाषेत देणे, हे उपाय साधे असले तरी बंदीइतकेच आवश्यक आहेत. आघाडीच्या स्वारास मागील जथ्याने सोडून दिले, तर ते त्याच्या धाडसाकडे दुर्लक्ष केल्यामुळे किंवा त्याच्या बळापुढे हार मानल्यामुळे सोडलेले असावे. प्रेक्षकाचा हा विश्वास टिकला, तरच घाटाचा राजा या किताबाला अर्थ राहतो.