मृगयेतील मर्मवेध : धाराशिव परिसर

मोठ्या वन्य पशूला एकाच आघाताने व अल्प वेदनेने मृत्यू यावा, यासाठी नेम कोठे धरावा आणि आघात केव्हा टाळावा, यासंबंधीचा विचार. बालाघाट डोंगररांगेवरील धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात या विचाराची स्थित्यंतरे पाहता येतात.

जिल्ह्याच्या पूर्वेस जवळच असलेले कल्याणी (बसवकल्याण) ही उत्तर चालुक्यांची राजधानी होती. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (बारावे शतक) या ग्रंथात मृगया हा राजाचा एक विनोद म्हणून वर्णिलेला असून माणसाळलेल्या हरणांचा आमिषासारखा उपयोगही त्यात येतो. संस्कृत परंपरेत नेमबाजीला मोठी प्रतिष्ठा होती. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकातील सेनापती तर धावत्या लक्ष्याचा वेध हीच धनुर्धराची थोरवी मानतो. पुढील काळातील शिकारनीतीने नेमके हेच निषिद्ध ठरविले.

या निषेधामागे शरीररचनेचे कारण आहे. चतुष्पादाचे हृदय पुढच्या पायांच्या दरम्यान, छातीच्या खालच्या भागात असते व त्याच्या दोन्ही बाजूंस फुप्फुसे असतात. पशू आडवा व स्थिर उभा असता फऱ्यालगत मागे धरलेला नेम थोडा चुकला, तरी गोळी फुप्फुसात शिरते. मेंदू लहान व कवटीत सुरक्षित असल्याने मस्तकावरील नेम धोक्याचा. पोटात गोळी लागलेले जनावर मात्र तासन्‌तास तडफडते. हाकाऱ्यात मचाणासमोरून धावणाऱ्या पशूवर झाडलेली गोळी बहुधा अशीच भलत्या जागी बसे. ठासणीच्या बंदुकीच्या काळात दुसरा बार भरण्यास वेळ लागे, हेही विसरता येत नाही.

१९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. सहावे निजाम मीर महबूब अलीखान (कार. १८६९–१९११) यांची नेमबाज व व्याघ्रशिकारी म्हणून ख्याती होती. दरबारी शिकारीत मारलेल्या वाघांची गणती ठेवली जाई. घायाळ होऊन निसटलेल्यांची कोण ठेवणार? जखमी जनावराचा माग काढून त्याला संपविणे हे शिकाऱ्याचे कर्तव्य का मानले गेले, हे कुमाऊँमधील एका उदाहरणावरून कळते. जिम कॉर्बेट यांनी १९०७ मध्ये मारलेल्या चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचे उजवीकडचे वरचा व खालचा असे दोन्ही सुळे जुन्या गोळीने मोडलेले होते.

फासेपारध्यांची रीत वेगळी होती. महाराष्ट्रातील या समाजाचा अभ्यास करणाऱ्या माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा यांनी फाशात सापडलेली पाडसे व गाभण माद्या सोडून देण्याचा त्यांचा संकेत नोंदविला आहे. फासा शिकाऱ्याला निर्णय बदलण्याची संधी देतो; सुटलेली गोळी देत नाही. १८७१ च्या कायद्यान्वये ‘गुन्हेगार’ ठरविण्यात आलेल्या जमातींत पारध्यांची गणना व्हावी, हा इतिहासाचा विपर्यास म्हटला पाहिजे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ व त्याची १९९१ ची दुरुस्ती यांमुळे छंदाची शिकार संपली. मानवी जीवितास धोका किंवा पिकांची नासधूस अशा कारणांपुरती परवानगी उरली. धोकादायक वाघाच्या बाबतीतही त्याला पकडणे, बेशुद्ध करणे वा स्थलांतरित करणे अशक्य ठरल्याखेरीज मारण्याचा आदेश देता येत नाही.

येथे मर्मवेधाचा नियम उलटतो. झायलाझीन व केटामीन यांसारखी औषधे भरलेली सुई मर्मस्थान टाळून मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूत बसावी लागते; छाती, पोट व मस्तक वर्ज्य. मात्रा वजनाच्या अंदाजावर ठरते. गुंगी येण्यास काही मिनिटे लागतात व तेवढ्यात पशू बराच दूर जाऊ शकतो. म्हणून उघड्या विहिरी किंवा तळी जवळ असल्यास सुई न मारणे श्रेयस्कर.

डिसेंबर २०२४ मध्ये या जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्यात एक तरुण नर वाघ आढळला. अंगावरील पट्ट्यांवरून तो तीनशे किमी.हून दूर असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा असल्याचे निष्पन्न झाले. जानेवारी २०२५ मध्ये त्यास बेशुद्ध करून पकडण्यासाठी चंद्रपूर भागातून पथक आले; परंतु त्या हिवाळ्यात तो हाती लागला नाही.