साल नसलेली पत्रं आणि माझी एका वर्षाची चूक

आजच्या भागाची सुरुवात एका कबुलीने.

पेशवेकाळातल्या मराठी पत्रांवर इसवी सन नसतो. जिथे साल असतं, तिथे ते पुष्कळदा सुहूर सनाचं आणि अरबी शब्दांत असतं. उदाहरणार्थ ‘इहिदे सितैन मया व अलफ’. म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण 1161. यात 599 मिळवले की इसवी सन, एवढंच डोक्यात ठेवून मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. मागच्या भागातली सालं त्यातूनच काढली. नंतर सहज पानिपतची लढाई टाकून बघितली, तर उत्तर आलं जानेवारी 1760! लढाई झाली 14 जानेवारी 1761 ला, हे शाळेतलं पोरही सांगेल.

घोळ कुठे झाला? सुहूर सन बदलतो मृग नक्षत्राला, पावसाळ्याच्या तोंडावर. त्यामुळे मृगापासून डिसेंबरअखेर 599 मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. आमच्या धंद्यात एकाने चुकणं रोजचंच. पण इथे त्या एकाची किंमत बघा. 10 जानेवारी 1760 ला बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. पुढच्याच जानेवारीत पानिपत. एका वर्षाने चुकलं, की एका रणातलं दुःख दुसऱ्याच्या नावावर चढतं.

आता विचार करा, पत्रावर सालच नसेल तर? नुसता चंद्र आणि महिना. वि. का. राजवाड्यांसमोर अशी कितीतरी पत्रं होती. जुन्या घराण्यांची दप्तरं धुंडाळत ते गावोगाव हिंडले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 साली निघाला. त्यात 1750 ते 1761 या काळातली पत्रं आहेत. पुढे असे 22 खंड झाले.

अशा पत्राचं साल मजकुरातूनच काढावं लागतं. दत्ताजी हयात आहेत? मग पत्र बुराडीच्या आधीचं. भाऊसाहेबांचा मुक्काम दिल्लीत आहे? मग ऑगस्ट 1760 किंवा त्यानंतरचं. कुंजपुरा घेतल्याची बातमी आहे? मग त्या ऑक्टोबरच्या मध्यानंतरचं. असं दोन्ही बाजूंनी आवळत आणायचं, मग जंत्रीत तिथी-वार जुळतात का बघायचं. आणि नाहीच जुळलं, तर साल ठोकून द्यायचं नाही.

मला वाटायचं, संशोधन म्हणजे कागद सापडणं. पण रुमाल सोडल्यावर खरं काम सुरू होतं. प्रत्येक पत्राला विचारायचं, तू नेमकं कधीचं? आणि आपलं उत्तर आधी पक्क्या तारखेवर घासून बघायचं. मी ते सगळं उरकल्यावर केलं.

मागच्या भागातली जानेवारी ते मे मधली सालं आता दुरुस्त केली आहेत. अजून कुठे चुकलो असेन तर हक्काने कान धरा. भेटू पुढच्या भागात.