हंगामाची कमाई, वर्षाचा हिशेब

खानदेशातल्या सावद्याहून उत्तरेकडे जाणारी केळी गाडीत भरणे हे ताकदीपेक्षा हातोटीचे काम आहे. घड दांड्याला धरून उचलायचा, घासू द्यायचा नाही, आपटू द्यायचा नाही. साल जराशी दुखावली तरी दिल्लीला पोहोचेपर्यंत तिथे काळा डाग पडतो. अशा कामात ठरलेल्या मजुरीवर चहापाण्याचे म्हणून काही हातावर ठेवण्याची रीत जुनी. हमालाची खुशाली, गडीमाणसांची दिवाळीची पोस्त, गवयाची बिदागी ही सारी एकाच घराण्यातली. या पैशावर कर लागतो का, हा प्रश्न कोणी सहसा विचारत नाही. कायद्याचे उत्तर मात्र स्पष्ट आहे : लागतो. माझे म्हणणे असे की, हंगामावर जगणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तो पैसा मजुरी की बक्षीस यापेक्षा त्याची कमाई कोणत्या मापाने मोजली जाते, हे जास्त महत्त्वाचे आहे. खानदेशाचा इतिहास हेच सांगतो.

गावगाड्यात मजुरी आणि खुशाली यांच्यातली रेघ पुसटच होती. खळ्यावर रास पडली की बलुतेदार वर्षाच्या कामाचा वाटा नेत. शिवाय लग्नात न्हाव्याला, संक्रांतीच्या सुगडांसाठी कुंभाराला वेगळे काही मिळे. देणारा त्याला खुशी म्हणे, घेणारा हक्क. सरकार या वादात पडत नसे. कारागीर आणि दुकानदारांवरचा मोहतर्फा हा कर माणसाने वर्षात किती कमावले ते विचारत नसे. माग, घाणा, दुकान पाहून आकारणी होई. माग चार महिने बंद राहिला तरी तो माग म्हणूनच मोजला जाई. १८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारकडे गेला, तरी ही पद्धत काही काळ चालूच राहिली. १८४४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातला मोहतर्फा उठला खरा, पण त्याच वर्षी मिठावरचा कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपयावर गेला. सुरतेत त्यावरून दंगल झाली. धंद्यावरचा कर गेला आणि तो भाकरीबरोबरच्या मिठावर बसला. मीठ तर बेकारीच्या महिन्यांतही लागतेच.

मोजमापाची धास्ती काय असते, हे सावद्याने आठ वर्षांनी दाखवले. १८५२ मध्ये जमीनमोजणी सुरू होताच सावदा, फैजपूर, यावल या पट्ट्यातले शेतकरी तिच्याविरुद्ध उठले. कलेक्टर मॅन्सफिल्ड यांना फौज आणावी लागली, पुढाऱ्यांना पकडावे लागले आणि मग मोजणी पुढे सरकली. याला अडाणीपणा म्हणून सोडून देणे मला पटत नाही. मोजणीची साखळी कोणाच्या हातात आहे आणि ती काय मोजणार, यावर सारा ठरतो, हे त्यांना नीट कळले होते.

वर्षाच्या एकूण उत्पन्नाचे माप आले ते १८६० मध्ये. १८५७ च्या उठावाने रिकामी झालेली तिजोरी भरायला अर्थसदस्य जेम्स विल्सन यांनी प्राप्तिकर आणला आणि वर्षाला दोनशे रुपयांच्या आतल्या उत्पन्नाला त्यातून वगळले. हेतू काहीही असो, हंगामी माणसासाठी हे माप मोहतर्फ्यापेक्षा न्याय्य होते, कारण त्यात भरल्या महिन्यांबरोबर रिकामे महिनेही धरले जात. १८८६ च्या कायद्याने शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून बाहेर काढले. ते आजही बाहेर आहे. पण ही सूट बागायतदाराच्या उत्पन्नाला आहे. त्याच केळीचे घड वाहणाऱ्याची मजुरी शेतीचे उत्पन्न ठरत नाही.

यावर कोणी म्हणेल, खुशाली मागून मिळत नाही, देणाऱ्याच्या मर्जीवर असते, मग ते उत्पन्न कसे? शिवाय परक्याकडून वर्षाला पन्नास हजारांपर्यंत मिळालेली भेट करमुक्त असतेच की. सर्वोच्च न्यायालयाने यातला पहिला मुद्दा १९५८ मध्येच निकाली काढला. वेदान्त शिकवणारे कृष्ण मेनन यांना त्यांच्या इंग्रज शिष्याने, त्यांनी काही न मागता, मोठी रक्कम दिली होती. ती शिकवण्यामुळे मिळाली, म्हणून ते व्यवसायाचे उत्पन्न, असा निकाल झाला. उलट दुसऱ्या एका खटल्यात भावनगरच्या महाराजांनी आपल्या माजी दिवाणांना दिलेले पाच लाख निव्वळ स्नेहाची भेट ठरले. म्हणजे मर्जी दोन्हीकडे आहे. फरक पडतो तो पैसा कामामुळे मिळाला की माणसामुळे, यावर. केळी नीट रचली म्हणून मिळालेली खुशाली पहिल्या प्रकारातली, त्यामुळे भेटीची सवलत तिला लावता येत नाही. २०१६ मध्ये हॉटेलातल्या टिपांबद्दल न्यायालयाने आणखी खुलासा केला : ग्राहकाने दिलेली टीप मालकाच्या हातून वाटली गेली तरी ती पगार नव्हे, त्यामुळे मालकाने त्यावर कर कापायचा नाही, पण घेणाऱ्याच्या हातात ते इतर मार्गांनी मिळालेले उत्पन्न आहेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : गरिबाच्या चहापाण्याचा हिशेब कशाला? माझे उत्तर असे की, वर्षाचे माप असेल तर तो हिशेब त्याला जाचत नाही. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत प्राप्तिकर भरावा लागत नाही. हमालाची खुशाली त्यात कुठल्या कुठे सामावते. जाच होतो तो महिन्याच्या मापाने. महाराष्ट्राने १९७५ मध्ये व्यवसाय कर आणला, तोही रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी, म्हणजे हंगाम संपल्यावर रिकाम्या होणाऱ्या हातांसाठीच. पण तो महिन्याच्या पगारावर कापला जातो. साखर कारखान्यात नोव्हेंबर ते मार्च दरमहा पंधरा हजारांवर राबणारा हंगामी कामगार घ्या. चार महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, असे त्याचे अकराशे रुपये जातात; त्याची या कामाची वर्षाची कमाई पंचाहत्तर हजार. तेवढेच पंचाहत्तर हजार बारा महिन्यांत सव्वासहा हजारांनी मिळवणाऱ्याला एक पैसाही भरावा लागत नाही, कारण साडेसात हजारांपर्यंतच्या पगाराला हा करच नाही. बंद पडलेला माग मोजणाऱ्या मोहतर्फ्याची खोड या करात शिल्लक आहे. वर्षअखेरीस एकूण कमाई पाहून अशा कामगाराचे अकराशे रुपये परत करायला कारखान्याचे पगारपत्रक पुरेसे आहे.