मराठी कथेंतील अंतर्मन व स्त्रीलेखणी : कालनिर्णयाचा एक प्रश्न

मराठी कादंबरींत मनाच्या आंतल्या व्यवहाराचें चित्रण केव्हां सुरू झालें असें विचारिलें, तर वाङ्मयेतिहासाचे जाणकार बहुधा एकच वर्ष सांगतात : इ. स. १९४२. त्या वर्षीं बा. सी. मर्ढेकर यांची ‘रात्रीचा दिवस’ प्रसिद्ध झाली आणि जिला आज संज्ञाप्रवाह म्हणतात ती पद्धति मराठींत अवतरली. तंत्रापुरतें हें विधान आम्हांस मान्य आहे. परंतु तंत्राच्या जन्माची तिथि तीच विषयाच्या जन्माची तिथि, असें जें गृहीत धरण्यांत येतें त्याविषयीं आमचा मतभेद आहे. प्रस्तुत त्रैमासिकाच्या वाचकांस हा विषय परका वाटूं नये. कारण हा वाद अखेर कागदांचा आहे. कोणता कागद राहिला, कोणता गेला, कोणत्या नांवाखालीं नोंदला गेला, यावर त्याचा निकाल अवलंबून आहे.

आमच्या गोंदिया जिल्ह्यास (हा १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा झाला) या प्रश्नांत एक जुना अधिकार आहे. आमगांवजवळील पदमपूर हेंच भवभूतीचें विदर्भांतील पद्मपूर, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादिलें. तें सर्वांस मान्य नाहीं; आम्हांस मान्य आहे. आठव्या शतकांतील या नाटककारानें प्रस्तावनेंत पित्याबरोबर मातेचेंही, जातुकर्णीचें, नांव दिलें आहे. त्याच्या उत्तररामचरितांत आत्रेयी नांवाची तापसी वेदान्ताच्या अध्ययनासाठीं वाल्मीकींचा आश्रम सोडून दंडकारण्यांत येते. मालतीमाधवांतील कामंदकी तर पुढें अमात्य झालेल्या पुरुषांची सहाध्यायिनी होती. पण आमच्या विषयास खरा जवळचा तो उत्तररामचरिताचा तिसरा अंक. त्यांत सीता भागीरथीच्या प्रसादानें अदृश्य आहे. राम विलाप करितो, वासंती त्यास दोष देते, आणि सीतेच्या मनांत नैराश्य, रोष, प्रेम व करुणा हीं क्षणाक्षणाला पालटत जातात. तमसा तें ओळखून बोलून दाखविते. म्हणजे स्त्रीचें मन रंगभूमीवर उघडें करावयाचें, तर कवीस तिला आधीं अदृश्य करावें लागलें, आणि तें मन वाचून दाखविण्यास दुसरें पात्र योजावें लागलें. एवढें स्मरणांत ठेवून सुमारें अकराशें वर्षें पुढें येऊं.

इ. स. १८९० मध्यें अमेरिकेंत विल्यम जेम्स याचा मानसशास्त्रावरील ग्रंथ निघाला. त्यांत त्यानें जाणिवेस वाहत्या प्रवाहाची उपमा दिली. त्याच वर्षीं पुण्यास हरिभाऊ आपट्यांचें ‘करमणूक’ सुरू होऊन त्यांत ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः येऊं लागली. या दोहोंत कार्यकारणसंबंध मुळींच नाहीं. कालसाम्य तेवढें लक्षणीय आहे. यमूच्या तोंडून सांगितलेली ही कथा स्त्रीमनाची आहे, हें निर्विवाद. तथापि यमू सांगते ती आठवण, आणि तीही क्रमानें, नीट लावून. शिवाय ग्रंथाचें नांवच पाहावें : तो प्रश्न बाहेरच्या समाजास विचारिलेला आहे. इकडे जेम्सचा शब्द कादंबरीस लावणाऱ्यांत अग्रभागीं जिचें नांव येतें ती मे सिंक्लेअर ही लेखिका; तिनें तो १९१८ मध्यें डॉरोथी रिचर्डसन या दुसऱ्या लेखिकेच्या कादंबऱ्यांविषयीं योजिला. जॉइसचें ‘युलिसीस’ ग्रंथरूपानें आलें तें १९२२ मध्यें. युरोपांतही हा मार्ग स्त्रियांनीं आरंभींच चोखाळला होता, हें आमचे कांहीं विद्वान् जॉइसचें नांव घेतांना विसरतात.

स्त्रीलेखणीचा कागद कसा नाहींसा होतो याचें ठळक उदाहरण वऱ्हाडांतच आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचें ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ मध्यें छापलें गेलें. जोतीराव फुले यांनीं त्याची बाजू घेतली. पुढें मात्र तें असें दिसेनासें झालें कीं, १९७५ मध्यें डॉ. स. गं. मालशे यांनीं तें पुनर्मुद्रित करीपर्यंत, म्हणजे ९३ वर्षें, बहुतेक वाचकांच्या लेखीं तें जणूं नव्हतेंच. तें पुस्तक कथा नव्हे, निबंध होय. म्हणून येथें अधिक विस्तार करीत नाहीं. पण छापील प्रत टिकली म्हणूनच ताराबाईंस आज इतिहासांत स्थान आहे.

आतां मुख्य साक्ष. १९३३ मध्यें ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह ‘विभावरी शिरूरकर’ या नांवानें प्रसिद्ध झाला आणि महाराष्ट्रांत मोठें वादळ उठलें. कथांचा विषय शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित स्त्रियांचा. घरच्यांचा भार वाहतांना ज्यांचें स्वतःचें आयुष्य मागें राहिलें त्यांचा. लेखिका कोण, याविषयीं तर्क चालले. विभावरी म्हणजे रात्र, आणि त्या रात्रीआड होत्या अण्णासाहेब कर्व्यांच्या संस्थेंत शिकलेल्या बाळूताई खरे. १९३८ मध्यें विश्राम बेडेकर यांच्याशीं विवाह झाल्यावर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. भवभूतीनें सीतेस अदृश्य केलें. येथें बाईनें स्वतःच स्वतःस अदृश्य केलें, आणि मन वाचून दाखविण्यास तमसेची गरज ठेविली नाहीं. या संग्रहांतील एका कथेचें नांव आहे ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ हाही प्रश्नच. परंतु हरिभाऊंचा प्रश्न समाजास आहे, हा स्वतःस आहे. या एका फरकांत आम्हांस मराठी कथेचें वळण दिसतें. लगोलग आलेल्या ‘हिंदोळ्यावर’ या कादंबरींत पतीपासून विभक्त झालेल्या स्त्रीची मातृत्वाची ओढ व लोकलज्जा यांचा झगडा तिच्या मनांतच चालतो. तेथें वाक्यरचना मोडलेली नाहीं, काळाची उलटापालट फारशी नाहीं. पण घटना घडते ती आंत. (बाईंच्या वडिलांवरील ‘खरेमास्तर’ हें १९५३ चें पुस्तक आमच्या शिक्षक-बंधूंनीं अवश्य वाचावें. मुलींस शिकविणाऱ्या मास्तरास तें शिक्षण पुढें कोठवर जातें हें पाहणें किती जड गेलें, तें त्यांत आहे.)

दुसरी साक्ष आमच्या अधिक जवळची. अमरावतीस १९०४ मध्यें जन्मलेल्या कुसुमावती देशपांडे, माहेरच्या जयवंत, यांनीं १९२९ मध्यें लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजांतून इंग्रजी वाङ्मयाची पदवी घेतली. व्हर्जिनिया वूल्फ हिची ‘टू द लाइटहाउस’ १९२७ ची, आणि स्त्रीस लिहिण्यास स्वतःची खोली हवी असें सांगणारें तिचें पुस्तक १९२९ चें. कुसुमावतींच्या अभ्यासाचीं वर्षें तींच. परत आल्यावर कवि अनिल यांच्याशीं विवाह, आणि १९३१ पासून नागपूरच्या महाविद्यालयांत अध्यापन. ‘दीपकळी’, ‘दीपदान’ व ‘मोळी’ या संग्रहांत कथानक अगदीं बारीक, मनःस्थिति मोठी. म्हणूनच कित्येकांनीं त्यांस कथा म्हणण्यासही संकोच केला. आमच्या मतें तो संकोच कथेच्या जुन्या व्याख्येचा होता. १९६१ मध्यें ग्वाल्हेरच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. गीताबाई साने यांची ‘निखळलेली हिरकणी’ १९३६ ची. पण तींत मनापेक्षां मताचा भाग अधिक, असें आम्हांस वाटतें.

हीं वर्षें ओळीनें ठेवलीं म्हणजे ‘रात्रीचा दिवस’ आरंभीं बसत नाहीं. मर्ढेकरांनीं भाषेस दिलेला धक्का आम्ही कमी लेखीत नाहीं. एका पुरुषाच्या मनाचा असा विस्कळित आलेख मराठींत पूर्वीं नव्हता. परंतु १९४२ हें पहिलें वर्ष ठरविल्यानें विभावरींचीं पुस्तकें ‘सामाजिक प्रश्न’ या फळीवर जातात आणि नव्या कथेच्या इतिहासांतून आपोआप गळतात. वर्गीकरणाची ही चूक ग्रंथालयाच्या सूचींतून विद्यार्थ्यांच्या टिपणांत, आणि तेथून परीक्षेच्या उत्तरांत उतरते.

म्हणून संग्राहकांस विनंती. १९५६ पर्यंत आमचा प्रदेश मध्यप्रांतांत व पुढें मध्यप्रदेशांत, आणि राजधानी नागपूर. गोंदिया-आमगांवाकडील ज्या मुली महाविद्यालयांत जात त्यांस आगगाडीनें नागपूरच जवळचें होतें. त्यांचीं पत्रें, वर्गांतील टिपणें, रोजनिशा आमच्या भागांतील मालगुजारी वाड्यांच्या माळ्यांवर लोखंडी पेट्यांत असणें अगदीं संभवनीय आहे. पोथ्यांसाठीं व मोडी दफ्तरांसाठीं आपण त्याच माळ्यांवर चढतों. ओव्यांची वही, हिशेबाच्या पाठकोऱ्या पानांवर लिहिलेलें मनोगत, माहेरास लिहून न पाठविलेलें पत्र, हें मात्र घरचें म्हणून बाजूस सारतों, आणि तें रद्दींत जातें. कुसुमावती व अनिल यांचा पत्रव्यवहार घरांत जपला गेला म्हणून १९७२ मध्यें ‘कुसुमानिल’ या नांवानें ग्रंथरूपानें येऊं शकला. असे कागद हातीं आल्यास सापडल्याचें गांव, घर, दिनांक व लिहिणारीचें माहेर-सासरचें नांव, दोन्ही, वेष्टनावर लिहावीं. आणि ज्यांच्याकडे सूचीचें काम आहे त्यांनीं बाळूताई खरे, विभावरी शिरूरकर व मालतीबाई बेडेकर या तीन नोंदी परस्परांस जोडून घ्याव्या.